सासर परदेशी, व्हिसा पर्यटकाचा

नवरा किंवा बायको त्या देशाची नागरिक आहे, म्हणजे व्हिसा मिळणारच, असं गृहीत धरून बरेच अर्ज भरले जातात आणि त्यातले बरेच परत येतात. व्हिसा अधिकाऱ्याला तुमच्या लग्नातून दोन गोष्टी दिसतात. तुम्हाला तिथे जायला खरं कारण आहे, आणि तिथून परत न येण्यालाही तितकंच खरं कारण आहे. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(बी) हे कलम तर उघडच सांगतं की अर्जदार तिथे कायम राहायलाच येतोय असं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. बाकीचे देश हे इतक्या स्पष्ट शब्दांत म्हणत नसले तरी तपासतात तेच. म्हणून ‘आमचं लग्न खरं आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘मी अमुक तारखेला परत येणार, कारण माझं हे-हे इथे आहे’ हे कागदांतून दिसलं पाहिजे.

आधी बघा: पर्यटक व्हिसाच हवा का?

फॉर्म उघडण्याआधी एक संध्याकाळ या प्रश्नाला द्या. नागरिकांच्या जोडीदारांसाठी काही देशांत वेगळी, सोपी सोय असते आणि लोक ती न बघताच पर्यटकाच्या रांगेत उभे राहतात. व्हिएतनामी नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला व्हिसामाफीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ते जास्तीत जास्त ५ वर्षं चालतं आणि एका खेपेला ६ महिन्यांपर्यंत राहता येतं. चीनमध्ये नातेवाइकांना भेटायला ‘क्यू-२’ हा १८० दिवसांपर्यंतचा वेगळा व्हिसा आहे. थायलंडमध्ये थाई नागरिकाच्या जोडीदारासाठी ‘नॉन-इमिग्रंट ओ’ आहे. ऑस्ट्रेलियाच्या सबक्लास ६०० मध्ये नेहमीच्या पर्यटक वर्गाशिवाय नातेवाइकाने पुरस्कृत केलेल्या पाहुण्याचा वेगळा वर्ग आहे.

युरोपीय संघाच्या बाबतीत सगळ्यात मोठा गोंधळ होतो, म्हणून तो नीट समजून घ्या. २००४ सालच्या ३८ क्रमांकाच्या निर्देशानुसार संघाच्या नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसा विनाशुल्क आणि झटपट मिळतो. पण ही सवलत नागरिक स्वतःच्या देशाबाहेर, संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तेव्हाची आहे. बायको इटालियन असेल आणि दोघं मिळून फ्रान्सला निघाला असाल तर सवलत लागू. इटलीला, म्हणजे थेट सासुरवाडीलाच निघालात, तर या निर्देशाचा आधार नाही. तिथे त्या देशाचे स्वतःचे नियम चालतात. ऐकायला उफराटं वाटतं, पण आहे असंच. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, फॉर्मवर काही रकान्यांना तारांकन असतं आणि खाली लिहिलेलं असतं की मुक्त संचाराचा हक्क वापरणाऱ्यांच्या कुटुंबीयांनी ते भरू नयेत. जोडीदाराच्या मायदेशी जाणारे लोक हे वाचून रकाने मोकळे सोडतात आणि अर्ज अपुरा ठरतो. तुम्ही ते भरा.

आणि मनात तिथेच स्थायिक व्हायचं असेल, तर पर्यटक व्हिसा हा जवळचा रस्ता नाही. त्यासाठी जोडीदार व्हिसा असतो. ‘आधी जाऊ, मग तिथून बदलून घेऊ’ हे बहुतेक ठिकाणी जमत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिसावर ८५०३ ही अट लागली असेल तर देशात राहून दुसरा व्हिसा सहसा मागताच येत नाही.

मुलं आणि जोडीदाराचा पासपोर्ट

मुलांचा व्हिसा मागण्याआधी ती जन्मतःच त्या देशाची नागरिक ठरतात का ते पाहा. ठरत असतील तर त्यांना व्हिसा मिळणार नाही, पासपोर्ट काढावा लागेल. अमेरिका आणि ब्रिटन आपल्या नागरिकाला व्हिसा देत नाहीत. हे ऐनवेळी कळलं तर सहलीच्या तारखाच कोलमडतात. जोडीदाराचा स्वतःचा पासपोर्ट संपत आलाय का, हेही कुणी बघत नाही. सगळं लक्ष तुमच्या व्हिसाकडे असतं. जोडीदाराने मूळ नागरिकत्व सोडलेलं असेल, तर कदाचित त्यालाही व्हिसा लागेल.

तारखा उलट मोजा

निघायच्या दिवसापासून मागे मोजत या. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण शंका असल्यास ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. अमेरिकेत कागदांपेक्षा मुलाखतीची तारीख मिळायलाच वेळ लागतो आणि तो शहरागणिक बदलतो. याच्या आधी लग्नाचा दाखला प्रमाणित करणं, भाषांतर करून घेणं आणि यजमानाकडून मूळ कागद टपालाने मागवणं यात ६ ते ८ आठवडे धरा. एकूण ४ महिने हाताशी असले की जीव टांगणीला लागत नाही.

अर्ज तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातून करायचा. शेंगेनमधल्या एकाहून जास्त देशांत फिरणार असाल तर जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज जातो. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. सासरी ४ दिवस आणि शेजारच्या देशात ९ दिवस असा बेत आखून सासरच्या देशाकडे अर्ज केला, तर तो परत येऊ शकतो. व्हीएफएस किंवा टीएलएससारखी केंद्रं कागद आणि बोटांचे ठसे गोळा करून पुढे पाठवतात. निकाल दूतावासाचा. काउंटरवरचा माणूस ‘होऊन जाईल’ म्हणाला, तर त्याला फारसा अर्थ देऊ नका.

पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला

शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि किमान २ पानं कोरी असलेला हवा. इतर अनेक देश ६ महिन्यांची मुदत मागतात. कडा उसवलेला किंवा भिजलेला पासपोर्ट असेल तर आधी नवा काढा.

नावाचा घोळ इथेच सुरू होतो. पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव, बँकेत लग्नानंतरचं आणि दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. सगळीकडे बदल करत बसायची गरज नाही. फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहायचं, ‘इतर नावं’ या रकान्यात बाकीची द्यायची आणि ही एकच व्यक्ती आहे हे दाखवणारा एक कागद जोडायचा. बहुधा लग्नाचा दाखलाच त्याला पुरतो.

दाखला सरकारी नोंदणीचा हवा. धार्मिक संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र सोबत जोडा, पण फक्त त्यावर विसंबू नका. परदेशात वापरायच्या दाखल्यावर बऱ्याचदा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतो. १९६१ च्या हेग करारातून आलेली ही पद्धत आहे. दोन्ही देशांमध्ये हा करार लागू असेल तर एक शिक्का पुरतो, नसेल तर परराष्ट्र खातं आणि मग दूतावास असं दुहेरी प्रमाणीकरण करावं लागतं. जुनी माहितीपत्रकं इथे फसवतात. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या सूचना या दोन देशांपुरत्या नव्याने तपासून घ्या. क्रम आधी अपॉस्टिल, मग भाषांतर. उलट केलंत तर शिक्क्यावरचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. भाषांतर कुणाचं चालतं, हे प्रत्येक दूतावास ठरवतो. ब्रिटनला भाषांतरावर अचूकतेची हमी, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. घरच्या घरी जोडीदाराने केलेलं भाषांतर, भाषा कितीही चांगली असली तरी, देऊ नका.

आणखी एक गोष्ट. लग्न जोडीदाराच्या देशात झालं नसेल, तर तिथल्या दप्तरी त्याची नोंद केलीय का? जपानमध्ये कुटुंब नोंदवहीत, फिलिपिन्समध्ये दूतावासामार्फत ‘लग्नाचा अहवाल’ देऊन, इटलीत नगरपालिकेच्या दप्तरात, अशा नोंदी कराव्या लागतात. नोंद नसेल तर तुम्ही ‘विवाहित’ लिहिता आणि त्यांच्या कागदात जोडीदार अजून अविवाहित असतो.

फॉर्ममध्ये काहीही लपवू नका

‘जोडीदार तिथला नागरिक आहे हे सांगितलं तर संशय घेतील, नुसतं पर्यटन लिहू’ हा सल्ला ओळखीतलं कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये जोडीदाराचं नागरिकत्व, तिथले जवळचे नातेवाईक आणि कुणी तुमच्यासाठी स्थलांतराचा अर्ज केलाय का, हे थेट विचारलेलं असतं. लपवलेलं उघड झालं तर नुसता व्हिसा नाकारून थांबत नाहीत. ऑस्ट्रेलियात खोट्या माहितीसाठी ३ वर्षं, कॅनडात ५ वर्षं, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. अमेरिकेत ती आयुष्यभराची असते. सूट वेगळी मागावी लागते. पुढे कधी जोडीदार व्हिसा मागायची वेळ आली की हेच आडवं येतं. आधी कुठे व्हिसा नाकारला गेला असेल तर तेही लिहा. नकारामुळे अर्ज आपोआप बाद होत नाही, पण तो दडवल्यामुळे होतो.

शेंगेनच्या फॉर्ममध्ये प्रवासाचा हेतू ‘कुटुंब किंवा मित्रांची भेट’ निवडा. त्यावर आठ दिवस फिरायला जाणार असाल तर ते अर्जासोबतच्या जोडपत्रात लिहा. तारखा फॉर्म, विमा, तिकीट, रजापत्र आणि निमंत्रण या पाचही ठिकाणी एकच असल्या पाहिजेत. सासऱ्यांनी पत्रात ‘महिनाभर’ लिहिलं आणि रजा १८ दिवसांची, असं झालं की अधिकारी नेमकं तेच विचारतो.

निमंत्रण: कुणाचं आणि कुठल्या कागदावर

जोडीदार तुमच्यासोबतच राहत असेल तर तो यजमान नाही, सहप्रवासी आहे. यजमान म्हणजे ज्यांच्या घरी उतरणार ते, म्हणून सहसा सासू-सासरे. साध्या पत्रात त्यांचं नाव, पत्ता, नातं, तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, राहण्याची सोय आणि खर्च कोण करणार एवढं पुरे. सोबत त्यांच्या ओळखपत्राची आणि घराच्या पुराव्याची प्रत. जोडीदार आणि त्याचे आईवडील यांचं नातं दाखवायला जोडीदाराचा जन्मदाखला लागतो, तो लोक हमखास विसरतात.

पण काही देशांना साधं पत्र पुरत नाही, ठरलेला सरकारी कागदच हवा असतो. फ्रान्समध्ये यजमानाने नगरपालिकेतून ‘आतेस्तासियों दाकय’ काढायचं असतं. जर्मनीत खर्चाची हमी यजमानाकडून घ्यायची असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ सही करून द्यावं लागतं. त्यात यजमानाचं उत्पन्न तपासतात. बेल्जियममध्ये खर्चाच्या हमीचा असाच कागद नगरपालिकेत होतो. जपान निमंत्रणाच्या कारणाचं पत्र आणि हमीपत्र असे दोन वेगळे कागद मागतो. फ्रान्स आणि जर्मनीचे कागद मूळ प्रतीत लागतात, तेव्हा कुरियरचे दिवस धरा. यजमान म्हातारे असतील, पेन्शनवर असतील, तर उत्पन्नाच्या अटीत बसतात का ते आधी विचारा. नसतील तर खर्च तुम्हीच करणार असं दाखवणं सोपं.

पैसे

३ ते ६ महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट द्यायचं. अधिकारी शेवटची शिल्लक बघतो आणि ती कशी जमली हेही बघतो. दरमहा पगार येतोय, खर्च जातोय, थोडं उरतंय, असं खातं चांगलं. अर्जाच्या आधल्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम आली असेल तर ती उसनी समजली जाते. खरंच घर किंवा गाडी विकून आली असेल तर विक्रीचा कागद जोडा.

अर्जदार कमावत नसेल तर? घर सांभाळणारी बायको किंवा नवरा असेल तर खर्च जोडीदार करतो हे सरळ लिहायचं आणि जोडीदाराचा पगार, कराची विवरणपत्रं, त्याचं खातं, शक्य असल्यास दोघांचं संयुक्त खातं दाखवायचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वतःच्या खात्यात कृत्रिम शिल्लक दाखवण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र हमीपत्राने फारसा फरक पडत नाही. तिथे अर्जदाराची स्वतःची परिस्थिती पाहतात.

परत येण्याचा पुरावा

अर्जाचं वजन इथे असतं. नोकरी असेल तर मालकाचं पत्र: हुद्दा, पगार, कधीपासून, मंजूर रजा कुठून कुठपर्यंत आणि कामावर हजर होण्याची तारीख. ही शेवटची ओळ नसेल तर पत्र परत लिहून घ्या. धंदा असेल तर नोंदणी, करभरणा आणि मागच्या काही महिन्यांची बिलं. शिकत असाल तर पुढच्या सत्राची नोंदणी. मुलं शाळेत असतील तर शाळेचं पत्र.

दोघं एकत्र राहत असाल तर सर्वांत जोरदार पुरावा जोडीदाराकडेच असतो आणि तोच अर्जात सापडत नाही. जोडीदाराचा तुमच्या देशातला राहण्याचा परवाना, त्याचं नोकरीचं पत्र, दोघांच्या नावचा भाडेकरार, जोडीदाराचं परतीचं आरक्षण. तिथला नागरिक असलेला माणूसच इथे घर करून राहतोय, म्हणजे तुम्ही एकटे तिथे मागे राहणार कशाला? तुम्ही तिसऱ्याच देशात राहत असाल तर तिथला परवाना परतीच्या तारखेनंतरही चालू असला पाहिजे.

जोडीदार तिथे आणि तुम्ही इथे असाल तर प्रकरण अवघड, हे मान्य करून पुढे जायचं. पहिली भेट २-३ आठवड्यांचीच मागा, ३ महिन्यांची नको. सध्या वेगळं का राहता आणि पुढे काय बेत आहे, हे पत्रात दोन वाक्यांत लिहा. स्थायिक होण्याचा अर्ज आधीच केला असेल तर तोही सांगा. कॅनडाच्या कायद्यात पुढे स्थायिक व्हायची इच्छा असूनही तात्पुरत्या भेटीला येणं मान्य आहे, फक्त मुदतीत परत जाल हे पटलं पाहिजे.

विमानाचं तिकीट व्हिसाआधी विकत घेऊ नका, आरक्षण पुरतं. शेंगेनसाठी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामात चालणारा हवा. फोटो शेंगेनसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, अमेरिकेसाठी चौकोनी ५१ मिलिमीटरचा, चष्म्याशिवाय.

जोडपत्र

एक पान, त्याहून जास्त नाही. सुरुवात अशी करता येते: ‘माझी पत्नी अमुक देशाची नागरिक असून आम्ही दोघं २०१९ पासून इथे राहतो. तिच्या आईवडिलांना भेटायला आम्ही ५ ते २३ मे या काळात जात आहोत. २६ मे रोजी मी कामावर रुजू होईन.’ मग खर्च कोण करणार, कुठे राहणार आणि शेवटी जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी. भावनिक मजकूर टाळा. लग्नाचे दोन-तीन फोटो चालतात, अख्खा अल्बम नको.

मुलाखत

अमेरिकेसारख्या ठिकाणी मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि कागद बघितलेच जातील असं नाही, म्हणून उत्तर तोंडातून नेमकं यायला हवं. लग्न कधी झालं, कुठे भेटलात, सासरचे काय करतात, किती दिवस, परत आल्यावर काय. फॉर्मची प्रत आदल्या रात्री दोघांनी मिळून वाचा. ‘बघू, तिथे काही काम मिळालं तर’ हे वाक्य थट्टेतही नको.

निकाल आल्यावर

व्हिसा आला की नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि किती वेळा प्रवेश हे खिडकी सोडण्याआधी तपासा. शेंगेनच्या स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ तारखा आणि ‘मुक्कामाचे दिवस’ वेगवेगळे असतात; तारखा लांब असल्या तरी राहता येतं तेवढेच दिवस. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस मोजतात, आणि कुठल्याही १८० दिवसांत ९० च्या वर जाता येत नाही.

नकार आला तर कारण नीट वाचा. शेंगेनमध्ये ठरावीक फॉर्मवर कारणांपुढे खूण असते आणि अपील करता येतं. अमेरिकेच्या २१४(बी) नकाराला अपील नाही, नव्याने अर्ज करता येतो. २२१(जी) चं पत्र मिळालं तर बहुधा कागद किंवा तपासणी बाकी आहे. त्यात मागितलेलं द्या. तेच कागद घेऊन पुढच्या आठवड्यात परत अर्ज केला तर उत्तरही तेच मिळतं. काहीतरी बदललेलं असलं पाहिजे: नवी नोकरी, मोठी बचत, कमी दिवस किंवा राहून गेलेला पुरावा.

पोहोचल्यावर

सगळ्या कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंतची परवानगी. आत किती दिवस राहायचं हे सीमेवरचा अधिकारी ठरवू शकतो, अमेरिकेत तर ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते, व्हिसावर नाही.

सासरी उतरणाऱ्यांसाठी एक खास खाच आहे. हॉटेल पाहुण्याची नोंद पोलिसांकडे आपोआप करतं, घर करत नाही. चीनमध्ये नातेवाइकांच्या घरी उतरल्यावर २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. इटलीत परकीय पाहुणा घरी ठेवणाऱ्याने ४८ तासांत कळवायचं असतं. सासू-सासऱ्यांना हे माहीत असेलच असं नाही, कारण त्यांच्याकडे बहुधा आजवर परदेशी पाहुणा आलेला नसतो. तेव्हा निघण्याआधीच आठवण करून द्या. आणि सासऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसू नका. पैसे घेतले नाहीत तरी बऱ्याच देशांत ते काम धरलं जातं.